डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी येत राहिलं पाहिजे, त्यासाठी तुमची मदत हवीये

नमस्कार मंडळी,

नवी मुंबईतल्या सीवूड्स, नेरुळ, करावे, सारसोळे या भागात राहणारे आम्ही काही रहिवासी मिळून हे लिहितोय. सोसायटीच्या, गावाच्या, शाळेच्या, मॉर्निंग वॉकच्या सगळ्या ग्रुपवर पाठवा प्लीज.

एप्रिल २०२५ मध्ये डीपीएस तळं (डीपीएस शाळेजवळचं, फ्लेमिंगो येतात ते) संवर्धन राखीव क्षेत्र करायला राज्याच्या पातळीवर मंजुरी मिळाली तेव्हा सगळ्यांना खूप आनंद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता कारण त्यामागे कितीतरी लोकांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. पण तेव्हापासून बरेच जण म्हणतात की आता काय, झालं ना काम. नाही झालं. कागदावर तळं वाचलं तरी त्यात खाडीचं पाणी आलं नाही तर ते तळं राहणारच नाही, आणि सध्या आमची सगळी काळजी त्या पाण्याचीच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ठाणे खाडीत ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो तिथे चरतात, शेवाळ आणि बारीकसारीक जीव खातात. भरती आली की तो सगळा चिखल पाण्याखाली जातो, मग एवढ्या पक्ष्यांनी उभं राहायचं कुठे? तेव्हा ते पाम बीच रोडच्या बाजूच्या उथळ पाणथळ जागांवर येतात, म्हणजे आपलं हे साधारण ३० एकरांचं डीपीएस तळं, टीएस चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागची जागा, एनआरआय कॉम्प्लेक्स या वसाहतीच्या बाजूची जागा. पाणी उतरलं की परत खाडीत. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, खूप चांगलं झालं, पण भरतीच्या वेळच्या या जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. आणि नेमक्या याच जागांवर बिल्डिंगा, गोल्फ कोर्स, रस्ते, जेट्टी असं सगळ्यांचं लक्ष असतं.

तळं संपवायला त्यात डंपरने भराव टाकावा लागत नाही हे आपण सगळ्यांनी बघितलंय. पाण्याचा रस्ता बंद केला की पुरतं. जेट्टीच्या कामात खाडीकडून येणारा मुख्य मार्ग बुजला, तळ्यात पाणी आणणारे बाकीचे पाइप गाळाने आणि कचऱ्याने भरत गेले, तळं आटत गेलं, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात आपल्या भागात एकामागून एक फ्लेमिंगो मेलेले आणि जखमी सापडायला लागले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरला विमानाची धडक बसून ३९ फ्लेमिंगो गेले. त्या थव्याचा आपल्या तळ्याशी किती संबंध होता ते आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही, पण बसायच्या जागा कमी झाल्या की पक्षी इकडेतिकडे भरकटणार एवढं तर कळतंच, आणि आता तर आपल्या शेजारी नवा विमानतळसुद्धा सुरू झालाय. म्हणजे ही जागा टिकणं माणसांच्या सुरक्षेसाठी पण तितकंच गरजेचं आहे.

तळं एकदा कोरडं पडलं की पुढचं बोलणं ठरलेलं असतं. इथे पाणी कुठे आहे, ही तर पडीक जमीन आहे, हिचा विकास करायला काय हरकत. म्हणून आपल्या हातात पुरावा पाहिजे. कुठल्या दिवशी किती भरती होती, पाणी आत आलं की नाही, आलं तर कुठपर्यंत, कुठला पाइप चालू होता आणि कुठला बंद, याचे तारीख वेळेसकट फोटो. कांदळवनं तोडणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे असं मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय आणि कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा हेही त्यात आहे, म्हणजे कायदा आपल्या बाजूने भक्कम आहे. पण अधिकाऱ्यांसमोर नुसता कायदा दाखवून भागत नाही, आपल्या जागेवर काय घडतंय ते दाखवावं लागतं.

परवा आम्ही काही जण एका पाइपाच्या तोंडाशी उतरलो होतो. गुडघाभर काळा गाळ, त्यात थर्मोकोल, दुधाच्या पिशव्या, निर्माल्याच्या प्लॅस्टिक पिशव्या गाठ मारलेल्या तशाच. आत पाण्यावर हिरवी साय धरलेली. आणि त्याच गाळात निवट्या उड्या मारत होत्या, चिंबोऱ्यांची भोकं होती, म्हणजे जीव अजून आहे तिथे. करावे गावातले एक काका सोबत होते, ते म्हणाले पूर्वी खारबंदीला, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला, उघाडी (पाण्यासाठी उघडायचं दार) असायची आणि ती सांभाळायला माणूस असायचा, पाणी कधी घ्यायचं कधी सोडायचं ते त्याला माहीत. आज या पाइपांकडे रोज बघणारं कोणीच नाही. ते काम आपण सगळ्यांनी मिळून करायचंय.

काही सोसायट्यांमधून डासांची तक्रार येते, बुजवून टाका एकदाचं असंही कोणी कोणी म्हणतं. तुमचा त्रास खरा आहे. पण डास होतात ते साठून राहिलेल्या पाण्यात. दिवसातून दोनदा भरतीचं पाणी आत-बाहेर झालं, त्याबरोबर लहान मासे आले, तर डासांच्या अळ्या टिकत नाहीत. म्हणजे तुम्हाला जे हवंय आणि पक्ष्यांना जे हवंय त्यावर उपाय एकच आहे, पाइप मोकळे करा.

आता मदतीचं. पैसे लागणार आहेत ते पाण्याची लॅबमध्ये तपासणी करायला, जागेची मोजणी आणि नकाशाच्या सर्टिफाइड कॉपी काढायला, माहिती अधिकाराच्या अर्जांना, आणि वेळ आलीच तर वकिलाच्या फीला. शंभर-दोनशे दिले तरी चालेल, जास्त जमत असेल तर उत्तमच. आपापल्या सोसायटीच्या ऑफिसमध्ये पावती पुस्तक ठेवलंय, पावती घेतल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नका, आणि दर महिन्याचा हिशोब तिथल्याच बोर्डवर लागेल. बिल्डर किंवा राजकीय पक्षाकडून आम्ही एक रुपयाही घेणार नाही हे सगळ्यांनी बसून ठरवलंय.

पैशापेक्षा जास्त गरज माणसांची आहे. सर्व्हे करणारं, ड्रॉइंग वाचता येणारं, वकिली करणारं, मराठीत नीट अर्ज लिहिता येणारं कोणी तुमच्या घरात असेल तर कळवा. रिटायर्ड मंडळी, तुम्ही रोज फिरायला जाताच, एक पाइप वाटून घ्या आणि जाता-येता फोटो काढा. करावे आणि सारसोळेच्या कोळी बांधवांना विनंती आहे की खाडीची जुनी माहिती, पाणी कुठून कुठे जायचं, हे आमच्यासोबत बसून नकाशावर दाखवा, कारण ते तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

येत्या अमावस्येच्या उधाणाला आपण सगळे तळ्यावर जमतोय. आपल्याकडे अमावस्या-पौर्णिमेला मोठी भरती दुपारी बाराच्या आसपास असते, त्यामुळे अकरापर्यंत या. टोपी, पाण्याची बाटली, जुने बूट. मुलांना आणा पण पक्ष्यांच्या जवळ पळू देऊ नका, आणि ड्रोन कोणीही आणू नका, थवा उठतो. गाळात हात घालून आपण काही काढणार नाही आहोत, त्यासाठी परवानगीचा अर्ज दिलाय, ती आल्यावर सफाईचा दिवस वेगळा कळवू. त्या दिवशी फक्त प्रत्येक पाइपाजवळ दोघं-दोघं उभं राहून पाणी कुठपर्यंत चढतं त्याची नोंद करायची आहे. येणार असाल तर सोसायटी ऑफिसमधल्या वहीत नाव लिहून ठेवा म्हणजे जोड्या लावता येतील.