बाजरी जरा हात आखडून टाक

प्रिय सुमे,

तुझ्या अंगणाचा फोटो बघितला, पेरूला टांगलेला पाखरांच्या दाण्याचा फीडरपण बघितला आणि खरं सांगू, काठोकाठ भरलेली बाजरी बघून पोटात गोळाच आला. तुला कधी बोलले नाही, पण मीपण हेच केलं होतं. पहिल्या आठवड्यात चिमण्या, मग साळुंक्या आणि महिन्याभरात नुसती कबुतरंच कबुतरं, ती जाऊन बसायची वरच्या काकूंच्या ग्रिलवर, काकूंना दमा, वाळत घातलेल्या चादरींची वाट लागलेली, शेवटी जिन्यात भेटल्या की तोंड फिरवायला लागल्या. चूक माझीच गं. वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला वाईट, 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली ती उगीच नाही.

आता सकाळी मूठभरच टाकते, तासाभरात संपेल एवढी. बाजरी, राळं, नाहीतर तांदळाची कणी. फरसाण, खारे दाणे, पाव अजिबात नाही.

पावसाळ्यात तर फीडर सरळ माळ्यावर. मागच्या जुलैत बाजरी वरून कोरडी दिसायची म्हणून मी शहाणी त्यावरच नवीन ओतत राहिले, एक दिवस उपडा केला तर तळाला हिरवी बुरशी! असले दाणे खाऊन पाखरं आजारी पडतात. आणि तेव्हा त्यांचं आपल्यावाचून काही अडत नाही, गवताला बी असतं, किडे असतात. चिमणी पिल्लांना दाणे नाही, अळ्या भरवते, म्हणून लिंबाची पानं अळ्यांनी कुरतडली तरी औषध मारू नकोस, चार पानं गेली तर गेली.

खरी गरज उन्हाळ्यात आणि तीपण पाण्याची. मातीचं पसरट भांडं घे, 2 इंचच खोल, मध्ये एक दगड ठेव बसायला. ठेवायचं मोकळ्यावर, झुडपाला चिकटून नको, तुझ्या शेजारचा बोका फोटोत दिसला मला. जुनं पाणी रोज ओतून टाकून भांडं नारळाच्या शेंडीने घासायचं, आठवडाभर तसंच राहिलं तर डासांच्या अळ्या होतात आणि डेंगीला आपणच आवतण दिल्यासारखं.

आणि हो, कढीपत्त्याला काळी फळं धरली की तोडू नकोस, बुलबुल तुटून पडतात त्यावर. फीडरमधली बाजरी आजच काढून डब्यात भर, आणि बोका कोणाचाय ते कळव.

तुझीच,
मंदा