चिमणीच्या भोकासाठी आभार

स्वयंपाकघरात चिमणी आणली, पण पाइप नेणार कुठून? खिडकी फ्रीजमागे गेलेली. उरली बोळाकडची नऊ इंची विटांची भिंत. "भोक तुमचं तुम्ही पाडून घ्या," म्हणत दुकानाचा माणूस चिमणी टांगून गेला. दहा दिवस मिरचीची फोडणी पडली की अख्खं घर खोकत होतं.

शेजारच्या इमारतीवर काम करणारे गवंडीदादा, मी छिन्नी-हातोडा घेऊन सज्ज होतो. "साहेब, बाहेरचा गिलावा ताटाएवढा उडेल," म्हणत तुम्ही तो हातातून काढून घेतलात. वर चहासुद्धा घेतला नाहीत!

तुम्ही बोलावलेल्या कोअर कटिंगवाल्या, म्हणजे मशीनने भिंतीत गोल भोक कापणाऱ्या भाऊंनी आधी लांब ड्रिलने बारीक भोक आरपार नेलं. मग पाणी सोडत मशीन चालवलं आणि शेवटचे दोन इंच बोळातून कापले, म्हणून दोन्हीकडचा काठ शाबूत राहिला. सहा इंची पाइप, भोक त्याहून जरासं मोठं, आणि उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे पावसाचं पाणी आत यायला नको. विटांचा गोल तुकडा जवळजवळ अख्खा निघाला. मुलीने त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय.

बोळापलीकडच्या काकू, तुमच्या उडदाच्या पापडांवर लाल चिखल उडाला, त्याची लाज अजून वाटते. तुम्ही हसून चादर आत ओढलीत, आणि भाऊंसाठी बादलीभर पाणीही दिलंत.

पुढचे पापड वाळले की तळणी आमच्याकडे, चिमणी सुरू करून.