पासपोर्ट फोटोलाही वेळ देणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

स्टुडिओ बंद केल्याचं तुम्ही फोनवर सांगितलंत, तेव्हा मला नुसतं "बरं" म्हणता आलं. समोर बसून कौतुक केलेलं तुम्हाला चालत नाही, लगेच चहा मागवता. म्हणून हे आभार चार लोकांसमोर, लिहूनच.

साताऱ्यात तुमच्याकडे शिकायला आलो तेव्हा कॅमेरा हातात मिळेल असं वाटलं होतं. मिळाला थर्माकोलचा पत्रा. गिऱ्हाइकाच्या छातीशी, फ्रेमच्या जरा खाली तो धरून उभं राहायचं, एवढंच काम. त्या पांढऱ्या पत्र्यावरून उजेड उडून चेहऱ्यावर पडतो; ते कशासाठी, हे कळायला वेळ लागला. आपल्याकडे येणारी माणसं म्हणजे डोक्यावर पांढरी टोपी नाहीतर फेटा आणि खाली उन्हानं रापलेला चेहरा. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं, साधारण १८ टक्के प्रकाश परतवणारं आहे असं धरून चालतं. पांढरं जास्त दिसलं की ते उजेड कमी करायला सांगतं. मग टोपी मळकट दिसते आणि चेहरा काळवंडतो. तुम्ही म्हणायचात, "मीटर तोंडावर धर. टोपीला कोण ओळखतंय?"

निगेटिव्हवर टोपी थोडी जास्त उजळली तरी डार्करूममध्ये सावरून घेता यायची. स्लाइडला, म्हणजे थेट पडद्यावर दाखवायच्या फिल्मला, ती सवलत नव्हती, पांढरं एकदा जळलं की संपलं. डिजिटल या बाबतीत स्लाइडची सख्खी बहीण निघाली. त्यामुळे हल्ली मी टोपीच्या घड्या शाबूत राहतील इतकाच उजेड घेतो आणि चेहऱ्यासाठी पत्रा पुढे करतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत उजळ-गडद किती ते दाखवणारा आलेख, दिसायला लागला, तरी थर्माकोल सुटलेला नाही.

वारीत अर्थातच पत्रा धरायला कुणी नसतं. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाशी माउलींचं पहिलं उभं रिंगण असतं, तिथे बाकीचे फोटोग्राफर ऊन पडावं म्हणून आभाळाकडे बघत असायचे आणि तुम्ही ढगांवर खूश. ढग असले की टोपी आणि चेहऱ्यातली तफावत कमी होते, टोपीखालचे डोळे दिसतात. घोडा सगळेच टिपतात, तुमची नजर कडेला उभ्या असलेल्यांवर. मला आजही तेच फोटो जास्त आवडतात.

आणखी एक गोष्ट मी कुठल्याच कार्यशाळेत ऐकली नाही. कॅमेऱ्यासमोर बसलं की माणसाचे खांदे ताठ होतात. तुम्ही "हसा" असं कधी म्हणाला नाहीत. "पेरणी उरकली का?" असं विचारायचात. तो बोलत असताना बटण दाबायचं नाही. उत्तर संपवून त्यानं तोंड मिटलं की अर्धा क्षण चेहरा त्याचा स्वतःचा असतो, तेव्हा दाबायचं. लग्नांत, मुलाखतींत, सगळीकडे मी हेच करतो आणि लोक मला विचारतात, कुठली लेन्स?

पण एवढा खटाटोप पासपोर्ट फोटोसाठी का, हे कळलं ते वयस्क माणूस गेल्यावर घरचे ओळखपत्र घेऊन यायचे तेव्हा. "याचाच मोठा करून द्या, दुसरा नाही." तुम्ही वहीत नंबर शोधायचात, डब्यातून निगेटिव्ह काढायचात. ते प्रिंट पुढे भिंतीवर हार घालून लागायचं. फोटो काढतानाच तुमच्या डोक्यात ती भिंत असायची. ही गोष्ट तुम्ही बोलून दाखवली नाहीत, माझी मीच ताडली. खोटं असेल तर सांगा.

त्या वह्या आणि निगेटिव्हचे डबे मात्र कुणाला देऊ नका. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून तोवर माळ्यावरून खाली काढून कोरड्या कपाटात ठेवा. दिवाळीनंतर मी स्कॅनर घेऊन येतो. मुक्काम चांगला आठवडाभर असेल, काकूंना आधीच कल्पना द्या.

तुमचा विद्यार्थी