गेटवरचा लाल दिवा

संपादक महोदय,

भाचीचे नेमणूकपत्र परवा वाचले. नोकरी हिशेबाची, तीही घरून. तरी अकराव्या पानावर कलम आहेच: कंपनी वेळोवेळी सांगेल त्या सर्व लशी घेणे बंधनकारक, अन्यथा पूर्वसूचना न देता सेवा समाप्त. घरी बसून ताळेबंद जुळवणाऱ्या मुलीपासून संसर्ग झालाच तर तिच्या आईला होईल! (आमच्या वेळी नेमणूकपत्र एका पानात मावत असे. असो.)

मी कारखान्याच्या टाइम ऑफिसात २७ वर्षे काढली. लशीला माझा विरोध नाही. कोविडचे माझे सगळे डोस मी रांगेत उभे राहून घेतले. पण २०२१ च्या नोव्हेंबरात आमच्या गेटवर जे झाले ते माझ्याच हातून झाले, म्हणून लिहितो. लस न घेतलेल्यांची कार्डे बंद करा, असा हुकूम आला. तोंडी. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला एका टर्नरने (लेथ यंत्रावरच्या कामगाराने) कार्ड लावले, लाल दिवा. शर्टाला पुसून पुन्हा लावले, पुन्हा लाल. पूर्वी एका इंजेक्शनने त्याच्या अंगावर गांधी उठून श्वास अडकला होता. डॉक्टरांची चिठ्ठी त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. ती कोणी घ्यायची, हेच ठरलेले नव्हते.

सात आठवडे तो गेटवरून परत जात राहिला आणि मी हजेरीपटावर 'गैरहजर' लिहीत राहिलो. चौकशी लावून रीतसर निलंबित केले असते, तर तेव्हा लागू असलेल्या १९४६ च्या स्थायी आदेश (कारखान्यातील सेवाशर्तींच्या) कायद्याच्या कलम १०-अ प्रमाणे पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यावा लागला असता. आरोपपत्र आले असते, त्याचे म्हणणे ऐकावे लागले असते. काहीच केले नाही, म्हणून काहीच द्यावे लागले नाही.

पुढे २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लस घेण्याची जबरदस्ती कोणावर करता येत नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतात, पण ते प्रमाणात हवेत. लस न घेतलेल्यांकडून संसर्ग जास्त पसरतो हे दाखवणारी माहिती समोर आली नव्हती. म्हणून खासगी संस्थांनीही आपले निर्बंध पुन्हा तपासावेत, असे न्यायालयाने सुचवले.

काम कोणते, हा खरा प्रश्न. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ या एकाच दिवशी दोन निकाल दिले: शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या मालकांना सरसकट लावलेला 'लस किंवा चाचणी' नियम रोखला, आणि सरकारी आरोग्य योजनांचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांवरची सक्ती चालू दिली. मला यात विसंगती दिसत नाही. माझी बहीण नर्स होती. हातात रोज सुया, म्हणून हेपेटायटिस बीचे तीन डोस तिने कुरकुर न करता घेतले.

तेव्हा नेमणूकपत्रात कलम घालायचेच, तर कोणती लस, कोणत्या कामासाठी आणि वैद्यकीय अडचण असेल तर चिठ्ठी कोणाकडे द्यायची, एवढे लिहावे. चिठ्ठीची पोच मिळावी. हुकूम कागदावर असावा.

त्या टर्नरला जानेवारीत आत घेतले. वर्षभरात त्याचे २३६ दिवस भरले होते. तेव्हाच्या कारखाने कायद्यानुसार पुढच्या वर्षीच्या पगारी रजेला २४० लागत. बेरीज मीच केली होती.

– एक निवृत्त टाइमकीपर