आधी पडायला शिकवा

संपादक महोदय,

‘कराटे-ज्युदोने पोरं आणखी हात उचलतात,’ असं सिडकोतले आमचे शेजारी मला ऐकवतात. मी बावन्नाव्या वर्षी, गुडघा कुरकुरत असताना, ज्युदोला जाऊ लागलो. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत सुरू केलेल्या या विद्येत आधी पडायला शिकवतात: हनुवटी छातीला, तळहात मॅटवर सपकन. महिनाभर मी नुसता पडलो. (बायको हसली, ते वेगळं.) मग एकदा कॉलेजातल्या पोराने माझीच कॉलर माझ्या गळ्याभोवती आवळली. डोळ्यांपुढे काजवे. ‘हरलो, सोड’ या खुणेसाठी दोनदा थोपटलं, त्याने तत्क्षणी सोडलं. त्या रात्री, मुलाच्या कानफटात मी कधीकाळी मारलेली आठवली. त्याला थोपटायची सोय नव्हती. महापालिका शाळांत मॅट टाका, एवढीच विनंती.

– एक पालक, सिडको, नाशिक