आमच्या धुळीला पुण्याचा फिल्टर?

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला गाडीच्या निगेवरचा लेख वाचला. पुन्हा एकदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं की चष्म्याचा नंबर वाढला. लेखक महाशय सांगतात, गाडीचा कागदी एअर फिल्टर (इंजिनात जाणारी हवा गाळणारा) फेकून द्या, धुऊन वापरता येणारा सुती जाळीचा 'परफॉर्मन्स' फिल्टर बसवा, म्हणजे आयुष्यभराची कटकट मिटते आणि वर मायलेजही वाढतं. फारच छान. महाशय राहतात पुण्यात, त्यांची गाडी धावते डांबरावर, आणि सल्ला छापून येतो कोकण आवृत्तीत. त्यांनी एकदा मार्च-एप्रिलात मुंबई-गोवा हायवेच्या कामातून आरवलीहून हातखंब्यापर्यंत काचा खाली करून यावं. जेवणाचा खर्च माझा.

माझी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत झाली. त्या काळी गाड्यांना कागदी फिल्टरऐवजी ऑइल बाथ असायचा. खाली तेलाचं भांडं, हवा त्या तेलावर आपटून वर वळायची, जड धूळ तेलात बसायची आणि राहिलेली वरच्या जाळीत अडकायची. भांडं सोडवलं की तळाशी जांभ्याचा लाल गाळ, इतका घट्ट की पत्र्याच्या तुकड्याने खरवडावा लागे. हा गाळ सिलिंडरमध्ये गेला असता तर पिस्टनच्या रिंगांचं काय झालं असतं, हे मला कोणी पुण्याहून येऊन सांगायची गरज नाही. एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. ती हवा हायवेच्या कामावरची असेल तर तिच्यात जांभा, सिमेंट आणि खडीच्या क्रशरची भुकटी असं सगळंच येतं.

आता घरचा प्रकार सांगतो, म्हणजे माझा राग कुठून आला ते कळेल. माझ्या पुतण्याची डिझेल गाडी आहे, तो मुंबईला असतो. मुंबईतल्या एका ॲक्सेसरीच्या दुकानदाराने त्याला असाच सुती फिल्टर चिकटवला, चांगले काही हजार घेऊन. मी म्हटलं, अरे, कंपनीचा कागदी फिल्टर चारपाचशेत मिळतो, तो घाल आणि निवांत राहा. तर मला म्हणतो, "काका, तुमचं एसटीचं ज्ञान आता जुनं झालं. हा एकदा घेतला की परत बघायला नको." बरं बाबा.

गणपतीत गाडी घेऊन आला. इथे आल्यावर त्याला आठवलं की फिल्टर धुवायचा राहिला. धुतला. भाद्रपदात आमच्याकडे दोरीवरचे टॉवेल दोन दिवस वाळत नाहीत, तिथे चार पदरी कापसाची जाळी काय वाळणार? या जाळीला धूळ धरायला तेल लावावं लागतं. त्या तेलाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं की पूर्ण वाळल्यावर हलक्या हाताने तेल मारा, ते मुरू द्या, जास्तीचं टिपून घ्या. याने ओलसर जाळीवर सढळ हाताने तेल ओतलं आणि गौरी-विसर्जनानंतर मुंबईचा रस्ता धरला. परशुराम घाट चढेपर्यंत डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडीने ओढ सोडली. झालं असं की फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो, त्यात तापलेली बारीक तार असते. तिच्यावर तेलाचा थर बसला की किती हवा आली हे गाडीला नीट कळत नाही. आधी स्प्रेने साफ करून बघितला, चार दिवसांनी दिवा पुन्हा लागला, शेवटी सेन्सरच बदलला. त्या पैशात पुतण्याला गाडी विकेपर्यंत पुरतील इतके कागदी फिल्टर आले असते.

पण मला सेन्सरचं तितकं वाईट वाटलं नाही. तो फिल्टर काढल्यावर मी पुढच्या रबरी पाइपात, म्हणजे जिथे फक्त गाळलेली हवा यायला हवी तिथे, पांढरं फडकं फिरवलं. फडकं तांबडं झालं. त्या पाइपाच्या पुढे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आहे, टर्बोच्या पुढे सिलिंडर. हवा मोकळी जाते म्हणून जी जाळी विकतात, तिच्यातून धूळही मोकळीच जाते, एवढं साधं गणित महाशयांना सुचू नये?

मायलेजचंही तसंच. हा समज कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या भागाच्या, जमान्यातला. तेव्हा फिल्टर तुंबला की हवा कमी, पेट्रोल तेवढंच, मग काळा धूर आणि मायलेज खाली. आता गाडीतला संगणक हवेच्या मापाने इंधन सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली मुद्दाम फिल्टर तुंबवून आजच्या धर्तीच्या पेट्रोल गाड्या तपासल्या. मायलेजमध्ये दखल घेण्यासारखा फरक सापडला नाही, वेग घ्यायला मात्र गाडी मंदावली. मग नवा, महागडा फिल्टर घालून मायलेज वाढेल कुठून? पेट्रोल गाडीत तर रोजच्या चालवण्यात थ्रॉटलची झडपच अर्धी बंद असते, हवा अडवायचं काम तीच करते. कुंभार्ली घाटात पाय पूर्ण दाबला तर कदाचित केसभर फरक पडेल, आणि तेव्हा पुढे उसाचा ट्रक असतोच.

लेखात आणखी एक रत्न आहे: दर महिन्याला फिल्टर काढून कंप्रेसरने हवा मारा. नका हो मारू! कागदी फिल्टरवर थोडी धूळ बसली की तो उलट जास्त बारीक गाळतो. जोराची हवा, तीही बहुतेक गॅरेजवाल्या पोरांच्या हातून उलटसुलट बाजूने, मारली की घड्या फाकतात, कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. शिवाय दर वेळी फिल्टरचा डबा उघडला की कडेची धूळ आत सांडते आणि क्लिप सैल होतात ते वेगळंच. माझ्या गाडीच्या पुस्तकात ४० हजार किलोमीटरला बदला असं आहे, आणि खाली बारीक टाइपात धुळीच्या रस्त्यावर लवकर बदला असंही आहे. बारीक टाइपातलं आमच्यासाठी लिहिलंय असं समजून मी निम्म्यातच बदलतो.

लेखात सांगायला हवं होतं ते नेमकं राहिलं. फिल्टर घेताना पार्ट नंबर जुन्यावरचा ताडून बघा. कडेचं रबर अंगठ्याने दाबा, मऊ हवं आणि चारी बाजूंना सारखं हवं. घड्या सरळ, सारख्या अंतरावर आहेत का पाहा. डब्यात बसवल्यावर झाकण जोर न करता लागलं पाहिजे आणि फिल्टर आत हलता कामा नये. स्वस्तातला बिननावाचा फिल्टर कडेला दोन मिलिमीटर अपुरा असला की सगळी धूळ त्या फटीतून जाते, मग मधला कागद सोन्याचा का असेना. हे मी बाजारपेठेत कुणालाही दोन मिनिटांत दाखवीन. आणि हो, पावसाळ्याच्या तोंडावर डबा एकदा उघडाच, धुळीसाठी नव्हे, उंदरांसाठी. शेजारच्यांच्या गाडीच्या डब्यात काजूच्या बिया आणि फाडलेल्या फिल्टरचं घरटं निघालं होतं, पोरांसकट.

पुराच्या पाण्याबद्दल महाशयांनी जे लिहिलंय ते चिपळुणात कोणी वाचू नये. त्यांचा फिल्टर म्हणे 'पाणी अडवतो'. २२ जुलै २०२१ नंतर इथल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात उभी राहिलेली गाडी चावी न लावता टो करून न्यायची, फिल्टर कुठलाही असो.

त्याच पानावर खाली चौकटीत कुठल्या वस्तूची जाहिरात होती ते मी लिहीत नाही, वाचकांनी पान पुन्हा काढून बघावं. लेख आणि जाहिरात शेजारी येणं हा योगायोग असेल, आपल्या पुरवणीत असे योगायोग वरचेवर होतात.

आणि फिल्टरचं निघालंच आहे तर, हायवेच्या कामावर दिवसातून ठरावीक वेळा पाणी मारायचा टँकर कुठे गेला? कागदावर तो रोज फिरतो असं ऐकतो. सावर्ड्यापासून खाली सगळ्यांच्या पडव्या, आंब्याची पानं आणि बालवाडीची खिडकी सारख्याच रंगाची झाली आहे. टँकरवाला येतो तो साहेब येणार असले की, तेही आदल्या संध्याकाळी. आपला वार्ताहर एकदा सकाळी दहा वाजता दुचाकीवरून पाठवा, पांढरा शर्ट घालून. फोटो पहिल्या पानावर छापा, रंगीत. महाशयांच्या लेखाची दुरुस्ती त्याच्याखाली चार ओळीत आली तरी चालेल.

कळावे,
आपला एक जुना वर्गणीदार
(निवृत्त मेकॅनिक), सावर्डे, ता. चिपळूण