मला माहीत होतं, तुला नाही

धरमपेठ, नागपूर
२७ मे

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

नवतपा लागलाय. सकाळी दहानंतर गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. कूलरच्या टाकीत तीन-तीनदा पाणी भरायचं आणि पडदे ओढून बसायचं, एवढंच सध्या चाललंय. त्यामुळे गेल्या पंधरा दिवसांत मी आणि आईने दुपारी आल्फ्रेड हिचकॉक या इंग्रज दिग्दर्शकाचे नऊ सिनेमे पाहिले. मी तिला मराठीत सांगत जातो. पण खरं म्हणजे सांगावं फारसं लागत नाही, आणि त्याचं कारण पुढे येईलच.

परवा फोनवर तू म्हणालास, "खुनाच्या सिनेमात तुला एवढं काय सापडतं रे? एकदा खुनी कळला की संपलं." तेवढ्यात तुझी गाडी कुंभार्ली घाटात शिरली, रेंज गेली आणि बोलणं तिथेच राहिलं. ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. फोनवर मला हे नीट सांगता आलं नसतं, आणि शेवटी जे सांगायचंय ते तर मुळीच नाही.

सुध्या, खुनी कोण हा हिचकॉकचा प्रश्नच नव्हता. तसल्या कोड्यांत भावना नसते, असं तो म्हणायचा. १९६२ साली त्रुफो नावाच्या तरुण फ्रेंच दिग्दर्शकाने त्याची कित्येक तासांची मुलाखत घेतली. तिच्यात त्याने बाँबचं उदाहरण दिलंय. दोन माणसं टेबलाशी बसून गप्पा मारतायत. टेबलाखाली बाँब आहे, पण ते कुणालाच ठाऊक नाही. तो फुटला की प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. आता हाच प्रसंग असा घे, की बाँब ठेवताना प्रेक्षकाने पाहिलंय. एक वाजता फुटणार हे त्याला माहीत आहे आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलाय. गप्पा त्याच आहेत, शब्दसुद्धा तेच आहेत. पण आता पंधरा मिनिटं आपला जीव वरखाली होतो. अरे गप्पा काय मारता, उठा, असं ओरडावंसं वाटतं.

आपल्याला हे परकं नाही. अभिमन्यू चक्रव्यूहातून परत येणार नाही हे कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरीही बुवा त्याचा रथ पहिल्या फळीपाशी आणतात तेव्हा बायका पदर तोंडाला लावतात. माहीत असतं म्हणूनच लावतात.

हिचकॉक हे कुठे शिकला असेल, याचा मी खूप विचार केलाय. तो १८९९चा. लंडनच्या पूर्वेकडे लेटनस्टोन म्हणून वस्ती आहे, तिथे त्याच्या बापाचं भाजीचं दुकान होतं. चार-पाच वर्षांचा असताना बापाने त्याला चिठ्ठी देऊन पोलीस चौकीत पाठवलं. पोलिसाने चिठ्ठी वाचली, पोराला काही मिनिटं कोठडीत कोंडलं आणि म्हणाला, वाईट मुलांचं आम्ही असं करतो. ही गोष्ट तो स्वतः जन्मभर सांगायचा. मला त्यातली चिठ्ठीच जास्त लागते. पोरगं ती हातात धरून चाललंय, आत काय लिहिलंय ते बापाला माहीत आहे, वाचल्यावर पोलिसालाही कळणार आहे, आणि तेवढं एक पोरगंच बिचारं अजाण.

पुढे १९२० साली तो लंडनच्या एका स्टुडिओत मूकपटांच्या पाट्या रंगवायला लागला. प्रसंगांच्या मधे लिखित वाक्य दिसायचं ना, त्या पाट्या. १९२४ साली कामानिमित्त जर्मनीत गेला, तिथे मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाचं काम चालू असताना त्याला ते जवळून बघायला मिळालं. संवादावाचून गोष्ट सांगायची सवय लागली ती तिथेच. १९२७च्या 'द लॉजर'मध्ये वरच्या मजल्यावरचा संशयित भाडेकरू येरझाऱ्या घालतोय हे दाखवायचं होतं. चित्रपट मूक, आवाज कुठून आणणार? त्याने जाड काचेची जमीन करून घेतली आणि खालून त्या माणसाचे तळवे चालताना दाखवले. आईला हिचकॉक मराठीत सांगावा लागत नाही, तो यामुळे. बोलपट आल्यावरही तो आधी चित्राने बोलायचा, माणसं मागाहून.

आईचं सांगतोच. 'सायको' बघत होतो. हा १९६०चा. साधारण आठ लाख डॉलरमध्ये, स्वतःच्या टीव्ही मालिकेची माणसं घेऊन त्याने तो काळा-पांढरा काढला. त्यातल्या न्हाणीघरातल्या खुनाबद्दल सगळे बोलतात. पाऊण मिनिटाचा प्रसंग, सात दिवस चित्रीकरण, रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप. तिथे संगीतच नको असं हिचकॉकचं म्हणणं होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने नुसत्या तंतुवाद्यांवर ते करून ऐकवलं आणि हिचकॉकने आपलं म्हणणं मागे घेतलं. हे सगळं खरंच थोर आहे. पण माझ्या दृष्टीने त्या सिनेमाचा प्राण त्याच्या पुढच्या दहा मिनिटांत आहे.

पैसे चोरून पळालेली एक बाई रस्त्यावरच्या मॉटेलात उतरते आणि तिथे तिचा खून होतो. मग त्या मॉटेलचा पोरगा न्हाणीघर धुतो. बादली, मॉप, टॉवेल. एकही शब्द नाही. प्रेत गाडीच्या डिकीत घालतो. ज्या चाळीस हजार डॉलरांसाठी आपण इतका वेळ त्या बाईच्या मागे फिरलो, ते वर्तमानपत्रात गुंडाळलेले, तेही नकळत तिच्या सामानाबरोबर डिकीत जातात. (अशा वस्तूला हिचकॉक मॅकगफिन म्हणायचा. पात्रांचा तिच्यासाठी जीव जातो, त्याला स्वतःला तिचं काहीच नसतं.) मग तो गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडायला लागते. बुडबुडे येतात. आणि अर्ध्यात ती थांबते. छप्पर वर राहतं. पोरगा तोंडातलं चघळायचं थांबतो, इकडेतिकडे बघतो. इथे आई पलंगावरून पुढे सरकली आणि म्हणाली, "बुड की मेली!"

गाडी बुडाली. आईने श्वास सोडला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अगंबाई, मी कुणाच्या बाजूने बोलले रे?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई आहे. तिने आयुष्यात कुणाच्या पेनाला हात लावला नसेल, आणि इथे एका खुनाचा पुरावा बुडावा म्हणून तिचा जीव कासावीस झाला. हिचकॉक हे करतो. माणूस चांगला की वाईट हे तो विचारतच नाही. तो आपल्याला त्याच्या शेजारी नेऊन बसवतो, त्याला जे दिसतं ते दाखवतो, आणि त्याची काळजी आपली होते. (शेवटी डॉक्टर येऊन सगळ्याचा खुलासा करतो तो भाग मात्र मला आजही लांबलेला वाटतो. तू बघशील तेव्हा बोलू.)

'रिअर विंडो' तर तू नक्की बघ. १९५४चा. पाय प्लॅस्टरमध्ये असलेला फोटोग्राफर खिडकीत बसून समोरच्या चाळवजा इमारतीतल्या खिडक्या न्याहाळतो. अख्खं अंगण त्यांनी स्टुडिओत बांधलं होतं. सुरुवातीलाच पारा नव्वद फॅरनहाइटच्या वर दाखवलाय, त्यामुळे सगळ्यांच्या खिडक्या सताड उघड्या. एक नवराबायको गादी घेऊन बाहेर लोखंडी जिन्याच्या सज्जावर झोपतात. रात्री पाऊस येतो आणि त्यांची गादी आत ओढायची धांदल उडते. सुध्या, आपली गच्ची आठवली! पाणी शिंपडून सतरंज्या घालायच्या, आणि अवकाळीचे टपोरे थेंब पडले की अख्ख्या गल्लीत वळकट्या गुंडाळायची पळापळ. कुणाकडे भांडण आहे, कुणाचा दिवा रात्रभर जळतोय, सगळं आपल्याला दिसायचं.

त्यात एक प्रसंग आहे. समोरच्या एका माणसाने बायकोचा खून केलाय असा फोटोग्राफरला संशय आहे, आणि त्याची मैत्रीण, ग्रेस केली, त्या माणसाच्या घरात शिरलीय. तो माणूस परत येतोय. जिना, मग बोळ, मग दार. हा खुर्चीतून सगळं बघतोय. हाक मारली तरी पोचणार नाही, धावता तर येतच नाही. फोटोग्राफर झालेल्या जेम्स स्टुअर्टचा चेहरा फक्त बघ. चेहरा, मग त्याला काय दिसतंय ते, मग परत चेहरा. हिचकॉकचं सारं व्याकरण या तीन तुकड्यांत आहे. मधला तुकडा बदलला की त्याच चेहऱ्याचा अर्थ बदलतो.

दिग्दर्शनाचं ऑस्कर त्याला पाच नामांकनांनंतरही मिळालं नाही. 'रिबेका'ला उत्कृष्ट चित्रपटाचं मिळालं, पण ते निर्मात्याचं. (तुझ्या आईला 'कोहरा' आवडायचा ना? मूळ कथा तीच.) १९७९ साली मोठा सत्कार झाला तेव्हा त्याने चार जणांचे आभार मानले. एक संकलक, एक पटकथालेखिका, एक त्याच्या मुलीची आई आणि एक स्वयंपाक करणारी. चौघींचं नाव एकच, आल्मा. त्याची बायको, त्याच्यापेक्षा एका दिवसाने लहान. पुढच्याच वर्षी, २९ एप्रिल १९८० ला तो गेला.

पण एक गोष्ट लपवणार नाही. 'द बर्ड्स'च्या वेळी त्यातली नायिका टिपी हेड्रन हिला यांत्रिक पक्षी असतील असं सांगून खरे पक्षी दिवसचे दिवस तिच्या अंगावर सोडले. डॉक्टरने सक्तीची विश्रांती दिली तेव्हा ते थांबलं. त्याने आपल्याला कसा त्रास दिला तेही तिने २०१६च्या आत्मचरित्रात लिहिलंय. ते वाचल्यापासून माळ्यावर पक्षी तिच्यावर तुटून पडतात तो प्रसंग मी बघू शकत नाही, पुढे ढकलतो. समोरच्या माणसाची भीती ज्याला इतकी आतून कळत होती, त्याने हे करावं याचा मला राग येतो, आणि तो राग गेलेला नाही.

आता मूळ मुद्दा. १९३६चा त्याचा 'सॅबोटाज' आहे. एक शाळकरी पोरगा फिल्मचे डबे आणि एक पुडकं घेऊन निघतो. पुडक्यात बाँब आहे, पावणेदोनला फुटणार आहे. आपल्याला ठाऊक आहे, पोराला नाही. तो रस्त्यात रमतो, मिरवणुकीत अडकतो, बसमध्ये बसतो, शेजारणीच्या कुत्र्याशी खेळतो. आणि बाँब फुटतो. ती चूक होती असं हिचकॉक पुढे स्वतः म्हणाला. इतका जीव टांगून ठेवल्यावर प्रेक्षकाला सुटका द्यायला हवी होती.

हा सिनेमा मी परवा आईबरोबर पूर्ण पाहिला नाही. मधेच उठून कूलरमध्ये पाणी भरत बसलो.

सुध्या, जानेवारी १९९४. महाराष्ट्र एक्सप्रेस. तुला पुण्याला निरोप गेला होता, नानांना बरं नाही, निघून ये. तू गाडीत असतानाच नाना गेले. तुझ्या काकांनी मला चेतक घेऊन स्टेशनवर पाठवलं आणि बजावलं, "स्कूटरवर काही बोलू नको. घरी आल्यावर आम्ही सांगू." तू मफलर गुंडाळून उतरलास, हातात चितळ्यांच्या बाकरवडीचं पाकीट. पहिलं वाक्य काय बोललास आठवतं? "नानांना आता चालेल ना रे? थोडी तिखट आहे." मी म्हणालो, "बघू."

मग आपण निघालो. मानस चौक, लोखंडी पूल, बर्डी. तू मागे बसून बोलत होतास. मेसचं बिल, कुणीतरी सायकल पळवली, परीक्षा पुढे गेली. तुझ्या आणि माझ्या मधे ते पाकीट होतं आणि त्याचा कोपरा माझ्या पाठीत टोचत होता. व्हरायटी चौकात सिग्नल लागला. मोठा होता तो सिग्नल. तू म्हणालास, "पोहे खाऊन जाऊ का? घरी गेल्यावर दवाखान्यात पळावं लागेल." मी नको म्हटलं. का नको, ते सांगितलं नाही.

तू नंतर एकदाच विचारलंस, "तू का नाही सांगितलंस?" मी काकांचं नाव पुढे केलं. ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं. मला वाटत होतं, जोवर स्कूटर चालू आहे तोवर तुझे नाना आहेत. म्हणून मी हळू चालवत होतो. इतकं हळू, की मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून शिवी दिली.

आणखी एक, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. चेतकचा आरसा मी स्टेशनवरच बाहेरच्या बाजूला वळवून ठेवला होता, तुझा चेहरा दिसू नये म्हणून. त्यामुळे तीस वर्षं माझ्याकडे त्या दिवसाचे सगळे तुकडे आहेत, तेवढा तो एक नाही. महाराजबागेचं वळण घेतलं आणि तू बोलायचा थांबलास. घर येईपर्यंत एक शब्द नाही. पाकीट तू मधून काढून घेतलंस, माझ्या पाठीला ते टोचेनासं झालं.

तुला तिथे कळलं होतं का रे?

वहिनींना नमस्कार. जूनमध्ये येशील तेव्हा गच्चीवर सतरंजी घालून 'रिअर विंडो' बघू. आई तुझी वाट बघतेय.

तुझाच,
विलास